‘गॅस संपलाय’ म्हणण्याआधी

वरच्या कप्प्यात बर्फाचा ट्रे टणक आणि मटार दगडासारखे. खालच्या कप्प्यात मात्र सकाळी तापवून ठेवलेले दूध संध्याकाळी फाटलेले, कोथिंबीर मलूल आणि पाण्याची बाटली जेमतेम गार. दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजबद्दलची ही तक्रार घरोघरी ऐकू येते. तिच्यावरचा निकालही अनेकदा फ्रीज न उघडताच दिला जातो : ‘गॅस संपलाय.’ मग गॅस भरला जातो, पैसे दिले जातात, फ्रीज आठ-दहा दिवस झकास चालतो आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

अशा अनेक फ्रीजमध्ये गॅस पुरेसा असतो, कॉम्प्रेसरही ठणठणीत असतो. दोष अनेकदा असतो तो पाठीमागच्या पॅनेलआड, थंड नळीला चिकटवलेल्या शेंगदाण्याएवढ्या एका भागात. हा डीफ्रॉस्ट सेन्सर. नळीवर साचलेला बर्फ वितळला की नाही, याची खबर फ्रीजच्या सर्किटला देणे एवढेच त्याचे काम. त्याने चुकीची खबर दिली, की सगळा फ्रीज आजारी दिसू लागतो. हा भाग फ्रीजमधल्या सर्वांत स्वस्त भागांपैकी एक. महाग पडते ते त्याच्या बिघाडाचे चुकीचे निदान. त्यात पैसे जातात आणि तोवर खालच्या कप्प्यातले अन्न व औषधे चुकीच्या तापमानात पडून राहतात.

बर्फ येतो कुठून?

जुन्या एका दाराच्या फ्रीजमध्ये बर्फ डोळ्यांसमोर साचत असे. फ्रीझरच्या पत्र्याभोवती पांढरा थर जाड झाला, की तापमानाच्या गोल बटणाच्या मधोमध असलेली कळ रात्री दाबायची आणि सकाळी ट्रेमधले पाणी ओतून द्यायचे, हा घरातला ठरलेला कार्यक्रम होता. फ्रॉस्ट-फ्री फ्रीज आला आणि हे काम दिसेनासे झाले. पण ‘फ्रॉस्ट-फ्री’ म्हणजे बर्फ होतच नाही, असा त्याचा अर्थ नाही. बर्फ होतो. तो दिसत नाही अशा जागी होतो आणि ठरावीक वेळाने आपोआप वितळवला जातो.

या फ्रीजमध्ये थंडावा तयार करणारी नळी, म्हणजे कॉइल, फ्रीझरच्या मागच्या प्लॅस्टिक पॅनेलआड असते. तिच्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या बसवलेल्या असतात. एक छोटा पंखा त्या पट्ट्यांमधून हवा खेळवतो. गार झालेली हवा आधी फ्रीझरमध्ये जाते आणि तिचा काही भाग एका वाहिनीतून खालच्या कप्प्यात उतरतो. म्हणजे अशा फ्रीजमध्ये खालच्या कप्प्याचा थंडावा वरूनच, हवेच्या वाटेने येतो.

दार उघडले की बाहेरची दमट हवा आत शिरते. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर एक घनमीटर हवेत सुमारे २५ ग्रॅम पाण्याची वाफ असते. फ्रीजची क्षमता २५० लिटर, म्हणजे पाव घनमीटर. दार एकदा उघडल्यावर आतली निम्मी हवा बदलली असे धरले, तर प्रत्येक वेळी सुमारे तीन ग्रॅम पाणी आत येते. दिवसात तीस वेळा दार उघडले, तर ९० ग्रॅम. शिवाय झाकण नसलेली आमटी, धुऊन ओलीच ठेवलेली भाजी, उघडी फळे यांचा ओलावा वेगळा. हे सारे पाणी शेवटी सर्वांत थंड जागी, म्हणजे कॉइलवर जाऊन गोठते. ते वितळवले नाही, तर पाच-सहा दिवसांत अर्धा किलो बर्फ सहज साचतो.

असा साचलेला बर्फ भुसभुशीत असतो, त्यात हवा अडकलेली असते. म्हणून तो उष्णता अडवणारी गोधडी ठरतो. तो पट्ट्यांमधल्या फटीही बुजवतो. पंखा फिरत राहतो, पण हवेला वाट उरत नाही. कॉइलला लागून असलेला फ्रीझर बराच काळ गार राहतो आणि खालचा कप्पा आधी तापतो. वर बर्फ आणि खाली नासलेले दूध, या कोड्याचे उत्तर इथे आहे.

वितळवण्याचे वेळापत्रक

हा बर्फ वितळवण्यासाठी कॉइलच्या खाली किंवा तिच्या पट्ट्यांमध्ये हीटर बसवलेला असतो. कॉम्प्रेसर काही तास चालल्यावर तो थांबतो आणि हीटर सुरू होतो. वितळलेले पाणी पन्हळीतून एका बारीक नळीत आणि तिथून फ्रीजच्या पाठीमागे कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये जाते. कॉम्प्रेसरच्या उष्णतेने ते सुकून जाते. जुन्या मॉडेलमध्ये हे वेळापत्रक घड्याळासारखा टायमर सांभाळत असे. आता ते काम इलेक्ट्रॉनिक सर्किट करते.

हीटर सुरू कधी करायचा यापेक्षा बंद कधी करायचा, हा प्रश्न जास्त नाजूक आहे. बर्फ वितळत असताना त्याचे तापमान शून्य अंशाभोवतीच अडून राहते, कारण दिलेली उष्णता वितळण्यात खर्च होते. बर्फ संपला की कॉइलचे तापमान झपाट्याने वर चढते. ते शून्याच्या वर काही अंश गेले, म्हणजे काम झाले. ही चढण ओळखणारा पहारेकरी म्हणजे डीफ्रॉस्ट सेन्सर.

थोडे गणित केले तर त्याचे महत्त्व कळते. एक किलो बर्फ वितळवायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. उणे २० अंशांचा अर्धा किलो बर्फ आधी शून्यावर आणून मग वितळवायचा, तर सुमारे १८८ किलोज्यूल हवेत. २०० वॅटच्या हीटरला त्यासाठी किमान १६ मिनिटे लागतील, आणि धातू तापण्यात जाणारी उष्णता वेगळी. आता सेन्सरने तिसऱ्याच मिनिटाला ‘झाले, कॉइल तापली’ असे कळवले, तर हीटर बंद होईल. त्याच्या आसपासचा थोडा बर्फ वितळेल, ते पाणी पुन्हा गोठेल आणि यावेळी भुसभुशीत बर्फाऐवजी टणक खडा तयार होईल. दर फेरीला तो वाढत जाईल.

थंडी वाढली की रोध वाढतो

आजच्या बहुतेक इलेक्ट्रॉनिक फ्रीजमधला हा सेन्सर म्हणजे थर्मिस्टर. तांबे किंवा लोखंड तापले, की त्यातून वीज जाण्याला होणारा विरोध, म्हणजे रोध, वाढतो. थर्मिस्टरचे उलट असते : तो तापला की रोध घटतो आणि गार झाला की वाढतो. मायकेल फॅरेडे यांनी १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइड या पदार्थात हा उलटा स्वभाव पहिल्यांदा नोंदवला. आजचे थर्मिस्टर मँगनीज, निकेल, कोबाल्ट अशा धातूंच्या ऑक्साइडपासून बनवतात. उष्णतेमुळे या पदार्थांत वीज वाहून नेणारे कण जास्त प्रमाणात मोकळे होतात, म्हणून रोध कमी होतो. सर्किट हा रोध मोजते आणि त्यावरून तापमान ठरवते.

सेन्सर बिघडतो तो मुख्यतः ओलाव्यामुळे. त्याच्यावर रेझिनचे किंवा प्लॅस्टिकचे आवरण असते. दिवसातून दोन-तीन वेळा उणे वीस-पंचवीस अंशांवरून शून्याच्या वर आणि पुन्हा खाली, असे वर्षानुवर्षे झाले की आवरणाला किंवा तार आत शिरते त्या जागी बारीक भेग पडते. आत पाणी झिरपते. ओलाव्यातून वीज आडवाटेने वाहू लागली, की रोध असावा त्यापेक्षा कमी भरतो आणि सर्किटला कॉइल आहे त्यापेक्षा उबदार वाटते. मग हीटर लवकर बंद होतो किंवा सुरूच होत नाही. उलट, तार तुटली तर रोध अमर्याद दिसतो, म्हणजे सर्किटच्या लेखी कॉइल कमालीची गार. असा पूर्ण तुटलेला सेन्सर अनेक मॉडेल ओळखतात आणि पॅनेलवर एरर कोड दाखवतात. खोटे आकडे देणारा, पण जिवंत असलेला सेन्सर मात्र कोणताही कोड न दाखवता महिनोन्महिने त्रास देऊ शकतो.

आठ दिवसांची फसवी दुरुस्ती

गॅस भरण्याचा गैरसमज टिकून राहतो, त्याला एक साधे कारण आहे. गॅस भरताना फ्रीज काही तास बंद ठेवावा लागतो, दारे उघडी राहतात. तेवढ्या वेळात कॉइलवरचा बर्फ वितळून जातो. फ्रीज पुन्हा सुरू केला की हवा मोकळी खेळते आणि खालचा कप्पा गार होतो. घरच्यांना वाटते गॅसने काम केले, मेकॅनिकलाही तसेच वाटते. त्यात कुणी कुणाला फसवलेच असते असे नाही. प्रत्यक्षात फ्रीज बरा होतो तो बर्फ वितळल्यामुळे आणि बर्फ पुन्हा साचेपर्यंतच बरा राहतो.

फ्रीजमधला गॅस मोटारीतल्या पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये तोच तो फिरत राहतो. कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. यातूनच पहिली, पैसे न लागणारी चाचणी हाती येते. फ्रीज रिकामा करून, बंद करून, दारे उघडी ठेवून पूर्ण दिवस राहू द्यावा. नंतर तो आठवडाभर अगदी नीट चालला आणि मग पुन्हा बिघडला, तर संशय डीफ्रॉस्टच्या व्यवस्थेवर जातो. गॅस गळत असेल, तर नुसता बर्फ वितळवून तो परत येत नाही. फ्रीज सुरू केल्यावरही थंडावा कमीच राहतो.

बर्फाचा आकार काय सांगतो?

डॉक्टर जसे तापाचा चढउतार पाहतात, तसा जाणकार मेकॅनिक मागचे पॅनेल काढून आधी बर्फ पाहतो. म्हणून तपासणीच्या आधी घाईने बर्फ वितळवून टाकणे हे पुरावा पुसण्यासारखे आहे. बर्फाच्या मांडणीवरून दोषाची दिशा कळते.

संपूर्ण कॉइलवर वरपासून खालपर्यंत पांढरा जाड थर असेल, तर वायू नीट फिरतो आहे आणि बर्फ वितळत नाही आहे. हा डीफ्रॉस्टचा दोष. कॉइलच्या सुरुवातीच्या एक-दोन वेढ्यांवरच बर्फाचा गोळा आणि बाकी नळी कोरडी असेल, तर गॅस कमी आहे किंवा नळीत अडथळा आहे. बर्फच नाही आणि दोन्ही कप्पे तापलेले, तर कॉम्प्रेसर किंवा गॅसकडे पाहावे लागते. कॉइल स्वच्छ, पण फ्रीझरच्या तळाशी बर्फाची लादी आणि खालच्या कप्प्यात पाणी, तर हीटर चालतो आहे, पाणी जाण्याची नळी तुंबली आहे. दारालगत आणि पिशव्यांवर बर्फाची भुकटी असेल, तर दाराचे रबर सैल आहे. कॉइलवर बर्फ बेताचाच, पण पंख्याचा आवाज येत नाही, तर पंख्याची मोटर तपासावी. पंख्यातून खरखर येत असेल, तर पाती साचलेल्या बर्फाला घासत असण्याची शक्यता आहे.

सेन्सरवर ठपका ठेवण्याआधी

सगळी कॉइल बर्फाने भरलेली असली, तरी गुन्हेगार सेन्सरच असेल असे नाही. या साखळीत हीटर, अतितापापासून वाचवणारा थर्मल फ्यूज, सेन्सर, त्यांच्या तारा आणि सर्किट असे पाच दुवे असतात. फ्रीजचा प्लग काढून मल्टिमीटरने ते एकेक करून तपासता येतात.

हीटरचा रोध त्याच्या वॅटवर ठरतो. २३० व्होल्टवर चालणाऱ्या २०० वॅटच्या हीटरचा रोध सुमारे २६५ ओहम, तर १५० वॅटच्या हीटरचा सुमारे ३५० ओहम यायला हवा. मीटर काहीच दाखवत नसेल, तर हीटरची तार तुटली आहे. थर्मल फ्यूजचा रोध जवळपास शून्य हवा. तो एकदा उडाला की बदलावाच लागतो. मात्र तो का उडाला, हेही विचारायला हवे. सेन्सरने ‘कॉइल अजून गारच आहे’ असे खोटे सांगून हीटर फार वेळ चालू ठेवायला लावला असेल, तर नवा फ्यूजही उडेल.

टायमरच्या जुन्या फ्रीजमध्ये थर्मिस्टरऐवजी बायमेटल थर्मोस्टॅट असतो. दोन धातूंची जोडपट्टी गारठली की जोडणी मिटते आणि तापली की उघडते. तो खोलीच्या तापमानाला तपासला, तर जोडणी उघडीच दिसणार. तो तसाच बनवलेला आहे. तेवढ्यावरून त्याला खराब ठरवून बदलणे ही नेहमीची चूक. त्याची जोडणी अनेकदा शून्याच्याही बऱ्याच खाली गेल्यावर मिटते, त्यामुळे तो फ्रीझरमध्ये नीट गारठवून मगच मोजावा लागतो.

ग्लासभर बर्फाची परीक्षा

थर्मिस्टर सेन्सरची परीक्षा मात्र स्वयंपाकघरातल्या ग्लासात होते. ग्लास कुटलेल्या बर्फाने भरायचा, फटी भरतील एवढेच पाणी घालायचे आणि ढवळायचे. बर्फ आणि पाणी एकत्र असेपर्यंत हे मिश्रण शून्य अंशाला राहते. जगातले सर्वांत स्वस्त आणि भरवशाचे प्रमाण तापमान ते हेच. सेन्सरचे टोक पातळ प्लॅस्टिक पिशवीत घालून या बर्फात पाच मिनिटे बुडवायचे आणि रोध मोजायचा.

फ्रीजमध्ये वापरले जाणारे कित्येक थर्मिस्टर २५ अंशांना १० किलोओहम दाखवतात. काहींचा आकडा ५ किलोओहम असतो, काहींचा त्याहून कमी. तो कंपनीच्या सेवापुस्तिकेत दिलेला असतो. आकडा कोणताही असो, शून्य अंशाला तो २५ अंशांच्या सुमारे तिप्पट व्हायला हवा. १० किलोओहमचा सेन्सर बर्फात साधारण २७ ते ३३ किलोओहमच्या दरम्यान यावा. तो १२-१५ वरच अडकला किंवा आकडा सारखा वर-खाली नाचत राहिला, तर दोष सापडला.

इथे आपल्या हवामानामुळे होणारी एक चूक टाळायला हवी. पुस्तिकेतला आकडा २५ अंशांचा असतो, पण विदर्भात किंवा मराठवाड्यात उन्हाळ्याच्या दुपारी घरात ३५ अंश सहज असतात. त्या तापमानाला १० किलोओहमचा निरोगी सेन्सरसुद्धा साडेसहा ते सात किलोओहमच दाखवेल. ‘दहा यायला हवे होते, सातच आले’ म्हणून तो फेकून देणे म्हणजे धावून आलेल्या माणसाची नाडी मोजून त्याला हृदयरोगी ठरवणे. म्हणूनच खोलीच्या हवेपेक्षा बर्फाचा ग्लास विश्वासू.

दुसरी अडचण याच्या उलट आहे. काही सेन्सर खोलीच्या तापमानाला अगदी बरोबर आकडा देतात आणि गारठल्यावरच बिघडतात. आत अडकलेले पाणी गोठून फुगते, भेग रुंदावते आणि जोडणी सुटते. फ्रीज तासभर बंद ठेवून घेतलेल्या मोजमापात असा सेन्सर निर्दोष सुटतो. त्यासाठी बर्फात असतानाच तार हलक्या हाताने हलवून पाहतात. आकडा उडाला, तर जोडणीत दोष आहे. सेन्सरपाशी आकडा बरोबर आणि सर्किटच्या सॉकेटपाशी चूक असेल, तर सेन्सर नव्हे, मधली तार खराब आहे. हीटर, फ्यूज, सेन्सर आणि तारा सारे ठीक निघाले, तरच सर्किटकडे वळावे. ते यातले सगळ्यात महाग, म्हणून त्याचा नंबर शेवटचा.

नवा सेन्सर घेताना प्लग बसतो एवढे पुरत नाही. त्याचा रोध मूळ सेन्सरइतकाच हवा. ५ किलोओहमच्या जागी १० किलोओहमचा बसवला, तर नवाकोरा भागही सर्किटला चुकीचेच तापमान सांगेल. बदलल्यानंतर तो कॉइलवर मूळच्याच जागी, घट्ट बसवायला हवा. लोंबकळत राहिलेला सेन्सर नळीऐवजी हवेचे तापमान मोजतो.

घरी काय करावे, काय टाळावे

हे मोजमाप मेकॅनिकनेच करावे. हीटर २३० व्होल्टवर चालतो आणि त्याच्याभोवती पाणी असते. घरच्यांनी करायची कामे वेगळी आहेत, आणि ती कमी महत्त्वाची नाहीत. खालच्या कप्प्यात पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर ठेवून दोन-तीन दिवस तापमान लिहून ठेवावे. फ्रीज शेवटचा कधी पूर्ण बंद होता आणि त्यानंतर कितव्या दिवशी थंडावा कमी झाला, हे टिपावे. पॅनेल काढल्यावर बर्फाचा मोबाइलवर फोटो घ्यावा. ही माहिती मेकॅनिकच्या निम्म्या कामाइतकी आहे.

बर्फ सुरीने, स्क्रू-ड्रायव्हरने किंवा टोकदार कशानेही खरवडू नये. ॲल्युमिनियमची नळी पातळ असते. आजच्या अनेक फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन हा ज्वलनशील वायू असतो. नळीला भोक पडले, तर ज्या गॅसचा दोष नव्हता तो खरोखरच संपेल आणि आगीचा धोका वेगळा. साचलेल्या पाण्यात उभे राहून हेअर ड्रायर लावणेही टाळावे. प्लग काढून, दारे उघडी ठेवून, खाली टॉवेल अंथरून बर्फ आपसूक वितळू देणे हाच सुरक्षित मार्ग.

दुरुस्ती लांबवण्यातही खर्च आहे. बर्फाने गुदमरलेला फ्रीज हवे ते तापमान गाठू शकत नाही, म्हणून कॉम्प्रेसर थांबत नाही. १०० वॅट घेणारा कॉम्प्रेसर एरवी दिवसाचा निम्मा वेळ चालत असेल, तर १.२ युनिट वीज लागते. तोच अखंड चालला, तर २.४ युनिट. महिन्याला ३६ युनिटांचा हा फरक बिलात दिसतो.

अन्न आणि औषधांचे काय?

फ्रीजचा खालचा कप्पा ५ अंश किंवा त्याहून गार आणि फ्रीझर उणे १८ अंशांच्या आसपास असावा, हा अन्नसुरक्षेचा सर्वमान्य नियम. ५ ते ६० अंशांच्या मधला पट्टा जिवाणूंच्या वाढीचा. म्हणूनच शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सेन्सर बिघडलेल्या फ्रीजचा धोका असा, की तो बंद पडलेला दिसत नाही. दिवा लागतो, मोटर गुणगुणते, वर बर्फ आहे. आणि खाली १२-१४ अंशांत कालचा भात, मासळीचे कालवण, चिरलेले मटण निर्धास्तपणे ठेवलेले असते. भातातल्या बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही टिकून राहतात आणि ऊब मिळाली की वाढतात. लिस्टेरिया हा जिवाणू तर फ्रीजच्या तापमानातही हळूहळू वाढतो. गर्भवती, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना त्याचा धोका अधिक. आजार पसरवणारे जिवाणू अन्नाचा वास किंवा चव बदलतातच असे नाही. त्यामुळे ‘वास येत नाही, म्हणजे चांगले आहे’ हा निकष इथे चालत नाही.

फ्रीझरमधल्या वस्तूंसाठी एक सोपी खूण आहे. वाटीत पाणी गोठवून त्यावर नाणे ठेवावे. नाणे वरच राहिले, तर बर्फ वितळलेला नाही. ते बर्फात खाली गेलेले दिसले, तर कधीतरी वाटी वितळून पुन्हा गोठली आहे, आणि तिच्या शेजारचे मासे-मटणही. बर्फाचे चौकोनी तुकडे एकमेकांना चिकटून गोळा झाले असतील, तर त्याचाही अर्थ तोच.

इन्शुलिन घेणाऱ्या घरात हा प्रश्न आणखी गंभीर होतो. न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. उष्णतेने त्याची शक्ती घटते, आणि ते एकदा गोठले तर पुन्हा वापरायचे नसते. मात्र बाटलीकडे पाहून हा बिघाड ओळखता येईलच असे नाही. तो कळतो तो रक्तातली साखर विनाकारण वाढू लागल्यावर. मग औषधाचा डोस वाढवला जातो, पथ्य मोडल्याचा आरोप होतो, आणि फ्रीजकडे कुणाचे लक्ष जात नाही. फ्रीजचा त्रास सुरू असताना ठेवलेल्या इन्शुलिनबद्दल डॉक्टरांना किंवा औषध विक्रेत्याला तसे स्पष्ट सांगून विचारावे. मेकॅनिक येईपर्यंत ते शेजारच्या चालू फ्रीजमध्ये हलवणे उत्तम.

मेकॅनिक दारात आल्यावर विचारायचे प्रश्न तीनच. कॉइलवर बर्फ कसा साचला आहे? हीटर, फ्यूज आणि सेन्सरचे आकडे काय आले? आणि गॅस कमी असेल, तर गळती कुठे आहे? या प्रश्नांना उत्तर देणारा मेकॅनिक योग्य भागच बदलेल. काढलेला जुना सेन्सर मागून घ्यावा आणि त्याला बर्फाच्या ग्लासात बुडवून आकडा समोरच पाहावा. पाच मिनिटांचे काम आहे, आणि नेमका कशाचा खर्च झाला ते बिल देण्याआधीच कळते.